कोनता सभापती?

२० डिसेंबर २०२४ च्या सकाळी उरणच्या बाजारपेठेतल्या टपरीवर पेपर चाळता चाळता मी मोठ्याने बोलून गेलो, "चला, सभापती मिळाला एकदाचा." समोर करंज्याचा एक म्हातारा नाखवा बशीत चहा ओतत होता. बशीवरची नजर न हलवता त्याने विचारलं, "कोनता सभापती, मास्तर? पंचायत समितीचा? तिथं तं साहेब बसलाय."

नाखव्याचं काही चुकलं नव्हतं. आमच्या तालुक्यात सभापती म्हणजे पंचायत समितीचा. घरकुलाच्या यादीत नाव का नाही, पाण्याच्या टाकीचं बिल कुठे अडलं, शाळेच्या पत्र्यांचं काय झालं, हे विचारायला लोक त्याच्याकडे जातात. त्याच्या खालोखाल नगरपालिकेच्या विषय समित्यांचे सभापती: पाणीपुरवठा, बांधकाम, आरोग्य. हळदीच्या पत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांची जी लांबलचक यादी छापतात, तिच्यात दोन-तीन माजी सभापती हटकून सापडतात. एकदा माणूस सभापती झाला की तो मरेपर्यंत माजी सभापती राहतो. मी ज्याच्याबद्दल बोलत होतो, तो सभापती मात्र आमच्या पत्रिकांवर कधी येत नाही.

तो महाराष्ट्र विधान परिषदेचा सभापती. आदल्या दिवशी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राम शिंदे यांची त्या पदावर बिनविरोध निवड झाली होती. महिन्याभरापूर्वी ते कर्जत-जामखेडमधून विधानसभेला १,२४३ मतांनी हरले होते. परिषदेचे सदस्य मात्र ते आधीपासून होतेच. खालच्या सभागृहाला अध्यक्ष आणि वरच्याला सभापती, अशी आपली वाटणी आहे. दिल्लीतही तीच चालते: लोकसभेला अध्यक्ष, राज्यसभेला सभापती.

मी 'एकदाचा' म्हणालो त्याला कारण होतं. ७ जुलै २०२२ पासून ते पद रिकामं होतं. म्हणजे दोन वर्षं, पाच महिने आणि वर काही दिवस. आणि खरं सांगायचं तर ते रिकामं आहे हे त्या सकाळची बातमी वाचेपर्यंत माझ्याही लक्षात राहिलं नव्हतं. मी आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलं. 'गाळलेल्या जागा भरा' मध्ये दर दोन वर्षांनी हा प्रश्न मीच काढायचो: विधान परिषदेच्या कामकाजावर ---- नियंत्रण ठेवतात. पोरं बरोबर उत्तर लिहायची, मी अर्धा गुण द्यायचो. तीच जागा मुंबईत खरोखर गाळलेली राहिली, तर मास्तरांना पत्ता नाही.

*

पत्ता असायला हवा होता, कारण सहा महिन्यांपूर्वीच मी त्या सभागृहासाठी मत देऊन आलो होतो.

२६ जून २०२४. कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत पाच जिल्हे मिळून एक आमदार. पाऊस मी म्हणत होता, आणि शाळेतल्या मतदान केंद्रात छत्र्या एका कोपऱ्यात उलट्या टेकवून ठेवल्या होत्या. मतदान यंत्र नाही, बटण नाही. हातात लांबट मतपत्रिका येते, आणि तिच्याबरोबर आयोगाने पुरवलेलं जांभळ्या शाईचं स्केचपेन. तेच वापरायचं, खिशातलं पेन काढलंत तर मत बाद. उमेदवाराच्या नावापुढच्या चौकटीत पसंतीचा आकडा लिहायचा. मराठी १ चालतो, इंग्रजी चालतो, रोमन चालतो. 'एक' असं अक्षरी लिहिलं की बाद, फुली केली की बाद, सही ठोकली तरी बाद. पदवीधरांची निवडणूक, तरीही दर वेळी बाद मतांचा गठ्ठा निघतो. माझ्या पुढच्या गृहस्थांनी स्केचपेन परत देताना ते झटकून पाहिलं, जसं आपण बँकेत दोरीला बांधलेलं पेन झटकतो.

या यादीची आणखी एक खोड आहे. विधानसभेच्या यादीत नाव एकदा लागलं की राहतं. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला पाटी पुसून नव्याने करतात. पुन्हा १८ नंबरचा फॉर्म, पुन्हा पदवीच्या प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत. २०१८ साली मी 'माझं नाव आहेच' या भ्रमात राहिलो आणि केंद्रावरून हात हलवत परत आलो. नागरिकशास्त्राचा मास्तर! घरी आल्यावर सौ. काही बोलली नाही, नुसता चहा ठेवला. ते जास्त लागलं.

परिषदेत ७८ सदस्य. ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ जणांना राज्यपाल नेमतात. उरणकरांचा हात यातल्या तिन्ही मधल्या गटांना लागतो. आमच्या शिक्षक मंडळींनी २०१७ ला पनवेलचे शेकापचे बाळाराम पाटील पाठवले होते, २०२३ ला ज्ञानेश्वर म्हात्रे. आमचे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग या मतदारसंघातून आमदार निवडतात. म्हणजे निवडायचे. मतदारसंघातल्या ७५ टक्के संस्था अस्तित्वात असतील आणि ७५ टक्के मतदार पदावर असतील तरच ही निवडणूक घेता येते, असा दंडक आहे. २०२४ मध्ये या जागेची मुदत संपली तेव्हा उरणच्या नगरपालिकेत प्रशासक होता आणि अलिबागच्या जिल्हा परिषदेतही प्रशासक. मतदारच नाहीत, तर मतदान कसलं? जागा रिकामी राहिली. नाखवा म्हणाला त्याप्रमाणे, जिथे बघावं तिथे साहेब बसलेला.

२०२४ च्या उन्हाळ्यात उरणच्या माणसाच्या डोक्यावर तालुक्याला सभापती नव्हता, पालिकेला नगराध्यक्ष नव्हता, आणि या सगळ्यांच्या वर जे सभागृह आहे त्यालाही सभापती नव्हता. आणि अडलं कुणाचं? नळाला पाणी येत होतं, अटल सेतूवरून गाड्या धावत होत्या, उरणची लोकल जानेवारीत सुरू झाली होती. रिकामं पद गळक्या छपरासारखं असतं. पाऊस लागेपर्यंत कुणी वर बघत नाही.

*

मुळात ही खुर्ची राज्यकर्त्याचीच होती. २२ जानेवारी १८६२ ला मुंबईच्या टाउन हॉलमध्ये, म्हणजे आजच्या एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत, मुंबई इलाख्याच्या कायदे मंडळाची पहिली बैठक झाली. जगन्नाथ शंकरशेट तिच्यात सदस्य होते. अध्यक्षस्थानी गव्हर्नर. ज्याचा हुकूम, त्याचीच सभा, आणि बोलायची परवानगी देणाराही तोच. हे जवळजवळ ६० वर्षं चाललं. १९२१ मध्ये सुधारणा आल्या तेव्हा गव्हर्नर त्या जागेवरून उठले आणि नारायण गणेश चंदावरकर तिथे बसले. होनावरचे चंदावरकर, प्रार्थना समाजाचे, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले, १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष. तेही नेमलेले होते. पण राज्य करणारा आणि सभा चालवणारा हे दोन वेगळे इसम असावेत, हे तेव्हापासून ठरलं. आजही या पदाचा अर्क तेवढाच आहे, आणि सगळी भांडणंही तिथेच आहेत.

दोन सभागृहं झाली १९३७ ला. त्या जुलैत पुण्याच्या कौन्सिल हॉलमध्ये दोन्ही भरली. खालच्याचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, वरच्याचे मंगळदास पक्वासा. दोघेही गांधींच्या वाटेवरचे वकील. मावळंकर पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले म्हणून त्यांचं नाव राहिलं. पक्वासा १९४७ पर्यंत परिषदेच्या प्रमुखपदी होते आणि तिथून नागपूरला मध्य प्रांताचे राज्यपाल म्हणून गेले, हे आज मुंबईतही फारसं कुणाला आठवत नाही. वरच्या सभागृहाच्या प्रमुखांचं हे असंच आहे. लोक खालचा लक्षात ठेवतात.

याला अपवाद एकच, आणि त्यांचा उरणशी थेट पैशांचा संबंध आहे.

*

माझी जुनी पगाराची स्लिप काढून पाहा. किंवा शेजारच्या पोराची, जो बंदरात कंटेनर यार्डात कामाला आहे. कपातीच्या रकान्यात 'पी. टी. २००' असतं. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय कर. ओएनजीसीतल्या इंजिनिअरपासून शाळेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांचा कापतात, आणि सगळे 'सरकार लुटतं' म्हणून मोकळे होतात. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामासाठी चार पैसे द्यायचे, आणि तेवढीच भर सरकारने घालायची, असा तो हिशेब होता. ती योजना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९६० पासून १९७८ पर्यंत, सलग १८ वर्षं.

पागे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातले, विसापूरचे. वकील, स्वातंत्र्यसैनिक, संतवाङ्मयात बुडालेले. सभापतीचं आसन म्हणजे राजकारण्याचं बंद तोंड. वर बसलेल्या माणसाला चर्चेत भाषण करता येत नाही. मत टाकता येत नाही. दोन्हीकडे सारखी मतं पडली तरच निर्णायक मत. त्याला विधेयक मांडता येत नाही, मोर्चा काढता येत नाही. अशा जागी १८ वर्षं बसलेल्या माणसाने महाराष्ट्राचा बहुधा सर्वांत लांब पल्ल्याचा कायदा घडवला, तो सभागृहाबाहेर. १९६५ मध्ये आपल्याच तालुक्यात त्यांनी प्रयोग लावला: जो काम मागेल त्याला काम. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. पागे त्यांच्याकडे पाठपुरावा करत राहिले. १९७२ चा दुष्काळ आला आणि कागदावरची गोष्ट एकदम रस्त्यावर उतरली. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणाऱ्या बायका, पाझर तलावांचे बांध, हजेरीपट. दोन्ही सभागृहांनी कायदा केला १९७७ ला, तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. देशाने तोच धागा उचलून कायदा करायला २००५ साल उजाडलं.

मला त्यात आवडते ती ही गोष्ट की कायद्यावर चर्चा सुरू असताना पागे सभापती म्हणून वर बसून इतरांना वेळ वाटून देत. आपल्याच पोराच्या लग्नात पंक्तीला वाढायचं काम केल्यासारखं. तेव्हा परिषद रीगल थिएटरसमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची. मूळचं खलाशांचं विश्रामगृह, आता पोलीस महासंचालकांचं कार्यालय. उरणच्या मिठागरांत तेव्हा रोजंदारीवर राबणाऱ्या माणसाला तिथे काय चाललंय याची गंधवार्ता नव्हती. आणि आज त्याच माणसाच्या नातवाच्या स्लिपवर पागे २०० रुपयांच्या रूपाने दर महिन्याला हजर असतात.

पाग्यांनंतर रा. सु. गवई. अमरावतीकडचे, रिपब्लिकन पक्षाचे. आधी दहा वर्षं उपसभापती, मग १९८२ पर्यंत सभापती, पुढे बिहार आणि केरळचे राज्यपाल. त्यांचे चिरंजीव भूषण गवई मे २०२५ मध्ये देशाचे सरन्यायाधीश झाले, तेव्हा पुन्हा सगळ्यांना वडील आठवले. दिल्लीतही राज्यसभेच्या उपसभापतिपदावर १९६९ ते ७२ मध्ये चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे होते. एका छोट्या पक्षाची, सत्तेच्या बेरजेत कधी फार नसलेली माणसं या आसनावर शोभून दिसली, हा मला योगायोग वाटत नाही. ज्याच्या मागे बहुमताची फौज नाही, त्याला सगळ्यांशी बोलून घ्यावंच लागतं.

मग लोकमान्यांचे नातू, 'केसरी'चे जयंतराव टिळक. १९८२ ते १९९८, सोळा वर्षं. परिषद नरीमन पॉइंटच्या नव्या विधान भवनात आली ती १९८१ ला, म्हणजे नव्या इमारतीला वळण लावायचं काम बहुतेक टिळकांच्या वाट्याला आलं. त्यांच्यानंतर सहा वर्षं भाजपचे प्रा. ना. स. फरांदे. आणि फरांद्यांच्या काळापासून उपसभापतीच्या आसनावर आमच्या कोकण पट्टीचा माणूस होता: ठाण्याचे वसंत डावखरे. १९९८ पासून २०१६ पर्यंत ते तिथे होते. कुठल्याही पक्षाच्या माणसाच्या घरचं कार्य असो, डावखरे तिथे. त्यांचे चिरंजीव निरंजन यांच्या नावापुढे गेल्या तीन निवडणुकांत कोकणातल्या पदवीधरांनी जांभळ्या पेनाने आकडा काढला. पहिल्या वेळी राष्ट्रवादी, पुढे दोनदा भाजप. आकडा कितवा, ते गुप्त मतदान.

*

आकडे नुसते एकाखाली एक मांडा: पागे १८ वर्षं, टिळक १६, शिवाजीराव देशमुख ११, रामराजे नाईक निंबाळकर ७, मग रिकामं. सरकारं बदलली, मुख्यमंत्री आले-गेले, पण सभापती राहायचे. कुठल्या नियमात तसं लिहिलेलं नव्हतं. ती रीत होती. आणि रीत मोडायला एक दिवस पुरतो.

तो दिवस १६ मार्च २०१५. काँग्रेस आणि राष्ट्रवादीची पंधरा वर्षांची सोबत आदल्या सप्टेंबरात तुटली होती. परिषदेत राष्ट्रवादीचा आकडा काँग्रेसपेक्षा मोठा होता, आणि आसनावर मात्र काँग्रेसचे देशमुख. राष्ट्रवादीने त्यांना हटवायचा ठराव आणला, सत्तेतल्या भाजपने साथ दिली, ४५ विरुद्ध २२ मतांनी सभापती खाली उतरले. घटनेत याची तरतूद आहे. १४ दिवसांची नोटीस द्यायची, ठराव चालू असताना त्या माणसाने आसनावर बसायचं नाही, बोलायची मुभा मात्र त्याला. सगळं रीतसर झालं. देशमुखांनी पक्षपात केला म्हणून त्यांना काढलं, असंही फारसं कुणी म्हणत नव्हतं. आकडा फिरला, इतकंच. काही दिवसांत फलटणचे रामराजे सभापती झाले. त्या ठरावाने पुढच्यांना एक गोष्ट शिकवली: हे आसनसुद्धा मंत्रिपदासारखंच आहे, संख्याबळावर मिळतं, संख्याबळावर जातं.

आता २०२२ चं बघा. २० जूनला परिषदेच्या दहा जागांचं मतदान झालं. रामराजे पुन्हा निवडून आले. त्याच रात्री शिवसेनेतल्या बंडखोर आमदारांच्या गाड्या सुरतेच्या वाटेला लागल्या आणि पुढे सरकारच बदललं. विधानसभेचं अध्यक्षपद त्याआधी सतरा महिने रिकामं होतं. नाना पटोले यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये राजीनामा दिल्यापासून महाविकास आघाडीने ते भरलं नव्हतं. नव्या सरकारने ३ जुलैला राहुल नार्वेकरांना बसवून ते चार दिवसांत भरलं. आणि ७ जुलैला रामराजेंची जुनी मुदत संपली. सदस्यत्व नव्याने मिळालं तरी जुन्या सदस्यत्वाबरोबर सभापतिपद संपतं, तसं ते संपलं. खालचं भरलं आणि वरचं रिकामं झालं, एकाच आठवड्यात. कारण उघड होतं: खाली नव्या सरकारकडे बहुमत होतं, वर विरोधकांचा आकडा मोठा होता. घटना म्हणते, पद रिकामं झालं की सदस्यांनी दुसरा निवडावा. कधीपर्यंत, ते घटना म्हणत नाही. आपल्याकडे जिथे तारीख लिहिलेली नसते तिथे काय होतं, हे सातबाऱ्यासाठी चकरा मारलेल्या कुठल्याही आगऱ्याला विचारा.

म्हणून या बाबतीत मला एका पक्षाला शिव्या घालून दुसऱ्याला ओवाळता येत नाही. ज्याच्या हाती जे आसन भरायचं होतं आणि ज्याला ते सोयीचं नव्हतं, त्याने ते रिकामं ठेवलं. लोकसभेला २०१९ पासून उपाध्यक्ष नाही, तीही त्यातलीच गत.

दोन वर्षं, पाच महिने सभागृह चालवलं उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी. कामकाज थांबलं नाही. पण जुलै २०२३ मध्ये त्या एका शिवसेनेतून दुसऱ्या शिवसेनेत गेल्या आणि पेच पडला. त्यांच्याविरुद्ध अपात्रतेचा अर्ज केला तर तो चालवणार कोण? दहाव्या परिशिष्टाप्रमाणे असा अर्ज सभापतीकडे जातो. सभापती नाही, त्याच्या जागी काम बघणाऱ्या त्याच. मारुतीच्या शेपटीला मारुतीनेच गाठ मारल्यासारखं झालं. त्याच परिशिष्टात एक दुर्लक्षित कलम आहे. आसनावर बसणाऱ्याने निवडून आल्यावर पक्ष सोडला तर त्याला पक्षांतर धरत नाहीत, उतरल्यावर त्याला परतही जाता येतं. कायद्याने दार उघडून ठेवलंय. त्यातून जाणारे फार थोडे.

*

दिल्लीचं वेगळंच. राज्यसभेचा सभापती सदस्य नसतोच. उपराष्ट्रपती पदसिद्ध म्हणून तिथे बसतो. ही कल्पना अमेरिकेवरून आली. तिथे उपाध्यक्ष सेनेटवर असतो, आणि मतं समसमान पडली की त्याचं मत पडतं. कमला हॅरिस यांनी असं ३३ वेळा मत दिलं, तो तिथला उच्चांक. १९५२ च्या मे महिन्यात राधाकृष्णन पहिल्यांदा राज्यसभेच्या आसनावर बसले तेव्हा म्हणाले होते की मी कुठल्याच पक्षाचा नाही, म्हणून सगळ्यांचाच आहे. महाराष्ट्रातून तिथे उपसभापती झालेल्या प्रतिभाताई पाटील पुढे राष्ट्रपती झाल्या; नजमा हेपतुल्ला यांनी तर दोन खेपा मिळून जवळपास सतरा वर्षं काढली.

आणि एक तारीख बघा. १९ डिसेंबर २०२४. नागपुरात राम शिंदे आसनावर बसले, त्याच दिवशी दिल्लीत राज्यसभेचे सभापती जगदीप धनखड यांना हटवण्यासाठी विरोधकांनी दिलेली नोटीस उपसभापती हरिवंश यांनी फेटाळली. १४ दिवसांची मुदत भरत नव्हती, आणि नोटिशीत धनखड यांच्या नावाचं स्पेलिंगही चुकलं होतं. पदवीधर मतदारासारखंच: हेतू ठाम, मत बाद. सात महिन्यांनी, २१ जुलै २०२५ च्या रात्री, धनखडांनी स्वतःच राजीनामा दिला, प्रकृतीचं कारण देऊन. सप्टेंबरात त्यांच्या जागी सी. पी. राधाकृष्णन आले, आमच्या राजभवनातून. परिषदेच्या राज्यपालनियुक्त बारा जागा २०२० पासून अडकल्या होत्या. त्यांतल्या सात या राधाकृष्णन यांच्याच सहीने ऑक्टोबर २०२४ मध्ये भरल्या होत्या. माणसं फिरून फिरून त्याच जिन्यावर भेटतात.

*

२०२५ च्या पावसाळी अधिवेशनात मी परिषदेचं कामकाज बघायला गेलो. इतकी वर्षं शिकवलं, कधी पाहिलं नव्हतं. एका ओळखीच्याने पास मिळवून दिला. उरणहून लोकल धरली, नेरूळला बदलली, सीएसटीला उतरलो, आणि विधान भवनाच्या दारात मोबाइल, छत्री, डबा सगळं जमा करून मोकळ्या हाताने गॅलरीत जाऊन बसलो.

उंच आसनावर एक सदस्य बसलेले. मी शेजारच्याला खुणेने विचारलं, हेच का? तो पुटपुटला, "तालिका सभापती." सभापती नसले की उपसभापती, तेही नसले की तालिकेवरच्या सदस्यांपैकी कुणी तरी बसतो. लक्षवेधी सूचना चालू होत्या. कुठल्याशा जिल्ह्यातल्या शाळेच्या इमारतीचा प्रश्न होता. सदस्य तावातावाने बोलत होते, मंत्री फाइल उलगडत होते, मागून कुणी तरी हरकतीचा मुद्दा काढत होतं. आसनावरच्या माणसाच्या तोंडी सबंध तासात मोजकीच वाक्यं: खाली बसा. आपण उत्तर ऐकून घ्या. थोडक्यात बोला. रेकॉर्डवर जाणार नाही.

पण त्या मोजक्या वाक्यांतच सगळं असतं, हे तिथे बसल्यावर समजलं. मंत्र्याचं उत्तर गोल निघालं. सदस्य हटेना. तेव्हा वरून आवाज आला, "ही लक्षवेधी राखून ठेवतो. दालनात बैठक लावा." तेवढ्यावर मंत्र्याला फाइल मिटून पुन्हा तयारीने यावं लागतं, सचिवाला हजर व्हावं लागतं, आणि कोपऱ्यातल्या एखाद्या गावचा प्रश्न मंत्रालयातल्या टेबलावरून हलतो. हनुमान कोळीवाड्याचं पुनर्वसन घ्या. बंदरासाठी गाव उठवलं, नव्या जागेत घरांना वाळवी लागली, पिढी गेली तरी प्रश्न तिथेच. किंवा जासईच्या दि. बा. पाटलांनी ज्यासाठी १९८४ ला लोक रस्त्यावर उतरवले, आणि ज्यात गोळीबारात पाच जणांचे जीव गेले, तो साडेबारा टक्के जमीन परत मिळण्याचा विषय. अजून किती तरी फाइली उघड्याच आहेत. असल्या प्रश्नांना विधेयक लागत नाही. वर बसलेल्या कुणी तरी सरकार पक्षाचा चेहरा न बघता 'उत्तर समाधानकारक नाही' एवढं म्हणावं लागतं. स्वतःच्याच पक्षाच्या मंत्र्याला हे म्हणणं किती जड जात असेल, ते शाळेत स्वतःच्या पोराचा पेपर तपासलेल्या मास्तरांनाच समजेल. ऑगस्टअखेर अंबादास दानवेंची मुदत संपली आणि परिषदेतलं विरोधी पक्षनेत्याचं आसनही मोकळं झालं. ते कुणाला द्यायचं हेही सभापतींनीच ठरवायचं असतं.

संध्याकाळी उरण स्टेशनावर उतरून रिक्षाने बाजारात आलो. पाऊस थांबला होता. टपरीवर नाखवा होताच. बोटी बंद, त्यामुळे दिवसभर तिथेच.

"दिसला का सभापती?"

"नाही. तालिका सभापती होते. म्हणजे त्यांच्या जागी बसणारे."

"बदली तांडेल," नाखवा म्हणाला. "पन बोट चालली ना?"

"चालली."

"मंग मासली काय गावली?"

मी म्हटलं, "एक प्रश्न राखून ठेवला."

त्याने बशी ठेवली आणि हसला. "म्हंजे बर्फान घातला."